बूड टेकलं की चारही चाकं वाया

वाचकाचं पत्र

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवड्यातून एकदा पुणे-चाकण होतं, महिन्यातून दोनदा साळवणजवळच्या शेतावर जातो आणि वर्षातून तीन-चार वेळा घाट उतरून कोकणात. घरी आई-वडील (दोघांचेही गुडघे दुखतात), बायको, इंजिनीअरिंगला असलेला मुलगा आणि एक लॅब्राडॉर. मला एसयूव्ही नको. उंच गाडी घाटात डोलते आणि बायकोला मळमळतं. म्हणून वॅगन शोधतोय, म्हणजे सेडानसारखी, पण छत मागे डिकीपर्यंत गेलेली गाडी. वापरलेल्या दोन गाड्या बघून ठेवल्यात : व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आणि मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन. दोन्ही डिझेल, दोन्ही ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद). व्होल्वो उंच आहे, मर्सिडीज बसकी आणि दिसायला फारच देखणी. मुलाचं म्हणणं, व्होल्वो घ्या आणि स्प्रिंग बदलून ४० मिलिमीटर खाली घ्या, म्हणजे दोन्हीचा फायदा मिळेल. वडील म्हणतात, पाणंदीत अडकलात तर ट्रॅक्टर मी पाठवणार नाही. काय करू?

— शिरोलीचा एक वाचक

उत्तर

नमस्कार. तुमच्या वडिलांनी एका वाक्यात जे सांगितलंय तेच मी आता लांबण लावून सांगणार आहे.

आधी एक गोष्ट बोलून टाकतो. वॅगन घ्यायचं ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे ही जात कधी रुजलीच नाही. टाटांनी १९९२ साली पुण्यात इस्टेट काढली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, टाटांचीच इंडिगो मरिना आली. लोकांनी 'मागून अॅम्ब्युलन्ससारखी दिसते' म्हणून सगळ्यांना नाकं मुरडली. आणि आज तेच लोक आत कमी जागा असलेल्या उंच गाड्यांना दुप्पट पैसे मोजतात. ज्याच्या घरी म्हातारी माणसं, कुत्रा, शेतातली पोती आणि पुण्याला न्यायचे जॉबचे नमुने आहेत, त्याच्यासाठी वॅगनइतकी शहाणी गाडी दुसरी नाही. तेव्हा पहिला निर्णय तुम्ही बरोबर घेतलाय.

आता उंचीचं बघू. तुमच्या वापराचा हिशेब मांडला तर बहुतेक किलोमीटर पुण्याच्या हायवेवर पडतात. तिथं बसकी गाडी बरी, यात वाद नाही. वाऱ्याला कमी भिडते, लेन बदलताना अंग कमी टाकते, मागे बसलेल्याला झोप लागते. किलोमीटर मोजून निर्णय घ्यायचा तर मर्सिडीज घ्या, असं मी डोळे झाकून लिहिलं असतं.

पण गाडीची उंची ठरवताना किलोमीटर मोजायचे नसतात, टाळता न येणारा रस्ता मोजायचा असतो. हायवेवर बुडाखाली २१० मिलिमीटर मोकळी जागा असलेली गाडी थोडी कमी मजा देते, एवढंच. साळवणच्या पाणंदीत १३० मिलिमीटरची गाडी अडकते. एका बाजूला थोडी कमी मजा आणि दुसऱ्या बाजूला पावसात चिखलात उभे राहिलेले आई-वडील. हे दोन तोटे एका तराजूत बसत नाहीत.

आकडे सांगतो. व्ही९० क्रॉस कंट्रीचा ग्राऊंड क्लीअरन्स, म्हणजे बुडाखालची ही मोकळी जागा, कंपनी २१० मिलिमीटर सांगते. ई-क्लास ऑल-टेरेनला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी गाडी वर-खाली करणाऱ्या हवेच्या पिशव्या, त्यामुळे तिचा आकडा एक नाही : खाली बसलेली असताना १२१, पूर्ण उचलल्यावर १५६ मिलिमीटर. नावात ऑल-टेरेन असलं तरी पूर्ण उचललेली मर्सिडीज नुसत्या उभ्या व्होल्वोपेक्षा पाच सेंटिमीटरने खालीच राहते. शिवाय ऑल-टेरेन मोडमधली ही वाढीव उंची ताशी ३५ किलोमीटरपर्यंतच टिकते, त्यापुढे गाडी आपोआप खाली येते. पाणंदीला ते चालेल. पण उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या डांबरी रस्त्यावर तुम्ही पस्तीसच्या खाली किती वेळ चालवणार? पन्नासने जाताना अचानक खड्डा येतो, तेव्हा ही उंची तुमच्याकडे नसते.

मर्सिडीजच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एअर सस्पेन्शनची गाडी माणसं आणि सामान भरलं तरी आपली पातळी राखते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी भरली की बसते, विशेषतः मागून. म्हणून कागदावरच्या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. प्रत्येक कंपनी कशा अवस्थेत माप घेते, तिथूनच फरक पडतो. माप तुम्ही स्वतः घ्यायचं, ते कसं हे शेवटी सांगतो.

स्पीडब्रेकरबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे केलेला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण २.९४ मीटर. म्हणजे गाडी मधोमध आली की पुढची-मागची चारही चाकं त्या उंचवट्यावरच चढलेली असतात आणि बुडाला फक्त साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासचा उंचवटा भेटतो. मर्सिडीजही त्यावरून निवांत जाते. पण असा मापात केलेला ब्रेकर साळवणच्या वाटेवर कळे गावाच्या पुढे मला तरी फारसा भेटलेला नाही. गावात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पोरं डांबर-खडीचा अरुंद, उभा बांध घालतात. अरुंद बांधावर चारही चाकं जमिनीवर असतात आणि बांध बरोबर पोटाखाली येतो. तो १५ सेंटिमीटर असेल तर तुम्हाला १५ च्या वर पूर्ण मोकळी जागा हवी, आणि पुढची चाकं उतरताना गाडी नाक खाली घेते ते वेगळंच. लांब व्हीलबेसच्या गाडीला हे जास्त छळतं. दोन्ही गाड्या लांब आहेत. म्हणून लांब गाडी घेणाऱ्याने उंचीत कंजुषी करू नये.

पाणंदीचं गणित याहून सरळ आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोरी खोल जाते आणि मध्ये मातीचा वरंबा राहतो, त्यावर गवत, गवतात एखादा दगड. ट्रॅक्टरला फरक पडत नाही. तुमची गाडी चाकोरीत उतरली की वरंबा पोटाला लागतो. आणि इथं ऑल-व्हील ड्राइव्हचा सगळा महिमा संपतो. गाडीचं वजन चाकांवर असेल तरच चाक जमीन धरतं. बूड वरंब्यावर टेकलं की वजन वरंबा घेतो आणि चारही चाकं नुसती माती उडवत फिरतात. व्होल्वोची यंत्रणा गरज पडेल तशी मागच्या चाकांना ताकद पाठवते, मर्सिडीजची फोरमॅटिक कायम दोन्ही अॅक्सलना देते. यावर तासन्‌तास चर्चा होऊ शकते. पण पोटावर बसलेल्या गाडीला दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

आता तुमच्या मुलाचा मुद्दा. त्याला इथंच उत्तर देतो, कारण त्याचा विचार चुकीचा नाही, अर्धा आहे.

गाडी खाली घेतली की वळणावर ती चांगली बसते, हे खरं. वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जे वजन सरकतं ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. ही उंची साठेक सेंटिमीटर धरली, तर ४० मिलिमीटर खाली घेतल्याने ते वजन सहा-सात टक्क्यांनी कमी सरकतं. गुळगुळीत ट्रॅकवर तेवढंही हाताला जाणवतं. पण त्या बदल्यात काय जातं ते बघ म्हणावं. चाकाला वर सरकायला समजा ८० मिलिमीटर जागा होती, त्यातली निम्मी गेली. स्प्रिंग लहान झाली म्हणून कडक घ्यावी लागली. कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरत नाही, म्हणून शॉकअपही बदलावे लागले. तरीही घाटातल्या वळणावर खड्डा आला की सस्पेन्शन रबरी बंपस्टॉपवर आदळतं, चाक उडतं आणि ज्या क्षणी पकड हवी असते त्याच क्षणी टायर हवेत असतो. खराब रस्त्यावर उंच, मऊ आणि लांब हालचालीची गाडी बसक्या गाडीपेक्षा जास्त रस्ता धरते. रॅलीच्या कच्च्या टप्प्यांसाठी गाड्या उंच करतात आणि डांबरी टप्प्यांसाठी खाली घेतात, ते याच कारणाने. आता करूळ किंवा भुईबावडा घाट ऑगस्टमध्ये या दोन्हींपैकी कशात मोडतो, ते त्याचं त्यानेच ठरवावं.

शिवाय खाली घेतलेल्या गाडीत सस्पेन्शनच्या आर्मचे कोन बदलतात. टायर आतल्या कडेने झिजायला लागतो. वरून बघाल तर नक्षी शाबूत आणि आतून तारा दिसतात. अलाइनमेंट पुन्हा जुळवावी लागते, आणि काही गाड्यांत ती पूर्ण जुळतच नाही. ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट रोज वाकड्या कोनात चालतात, आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये असे शाफ्ट पुढेही असतात, मागेही. कायद्याचा भाग वेगळा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे सांगितलंय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

आणि उद्यमनगरात कुणी 'आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, पाचशेत काम' म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा. आपल्या उद्यमनगराबद्दल मला अपार आदर आहे. इथले कारागीर कुठलाही पार्ट घडवून देतात. पण कापलेली स्प्रिंग गाडी उचलली गेली की सैल होते आणि बैठकीतून सरकते. ते काम कितीही सफाईने केलं तरी चूकच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी मी माझी सेडान ४० मिलिमीटर खाली घेतली होती. हायवेवर अतिशय सुंदर चालायची. एका रात्री राधानगरीहून परतताना समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी गाडी साईडपट्टीवर उतरवली. डांबराची कड आणि मुरमाची पट्टी यांत वीतभर फरक होता. खालून एकच आवाज आला. इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर फुटला होता. ऑईलचा दिवा लागेपर्यंत मी आणखी थोडा पुढे गेलो आणि इंजिन जाम झालं. गाडीत माझी आई होती. रात्री अकरा ते दोन ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून होती, आणि तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. इंजिनचा खर्च मी विसरलो, तो दगड विसरलो नाही.

तुमच्या आई-वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून आणखी एक गोष्ट. बसक्या गाडीत माणूस बसतो तेव्हा खाली पडतो आणि उतरताना स्वतःला वर ओढतो. पूर्ण एसयूव्हीत चढावं लागतं. क्रॉस कंट्रीसारख्या वॅगनची सीट या दोन्हींच्या मध्ये येते, नुसतं मागे सरकून बसता येतं. आईंना प्रत्यक्ष नेऊन दोन्ही गाड्यांत तीन-तीन वेळा बसवा-उठवा. तिसऱ्या वेळी त्या दरवाजाच्या खांबाला धरतात का, एवढंच बघा. लॅब्राडॉरचंही तेच. कुत्रा म्हातारा झाला की डिकीत उडी मारायचं सोडतो, तेव्हा त्याला उचलणार तुम्हीच.

वहिनींच्या मळमळीबद्दल तुमची भीती मला समजते. क्रॉस कंट्री सेडानपेक्षा थोडी जास्त झुलेल, खोटं सांगणार नाही. पण उंच एसयूव्हीत मळमळतं ते मुख्यतः डोकं दोन्ही बाजूंना हेलकावतं म्हणून, आणि वॅगनमध्ये माणूस त्या मानाने खालीच बसतो. झुलणं कमी करायचा पहिला उपाय शॉकअप तपासणं हा आहे, स्प्रिंग नव्हे. वापरलेल्या गाडीचे शॉकअप थकलेले असतात, आणि लोक नव्या गाडीशी तुलना करून 'उंच आहे म्हणून डोलते' म्हणतात. चांगले शॉकअप घातलेली उंच गाडी थकलेल्या शॉकअपच्या बसक्या गाडीपेक्षा घाटात कितीतरी शहाणी वागते.

दुसरा उपाय टायर. कृपा करून मोठ्या रिम्सच्या मागे लागू नका. टायरवरचा आकडा वाचायची सवय लावा : २४५/४५ आर २० म्हणजे टायरची भिंत ११ सेंटिमीटर. २३५/५५ आर १८ म्हणजे जवळपास १३. हे दोन सेंटिमीटर रबर म्हणजे वाकलेली रिम आणि शाबूत रिम यांतला फरक. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये दोन नवे आणि दोन जुने घातले तर चाकांचे घेर वेगळे पडतात आणि मधली कपलिंग यंत्रणा त्या फरकाशी झगडत राहते. बदलायचे तर चार एकदम, आणि हा खर्च आजच बजेटमध्ये धरा. एक लक्षात असू द्या, चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघताना आणि चढताना मदत होते, थांबताना नाही. लाल मातीवर ब्रेक मारल्यावर तुमच्या मदतीला फक्त टायर असतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही शिरोलीचे आहात. २०१९ आणि २०२१ मध्ये हायवे तुमच्याच दारात बंद झाला होता. साळवणच्या वाटेवर बालिंग्याचा पूल आणि मांडुकलीचं पाणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. क्लीअरन्स २१० असला तरी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात उंच गाडीही घालू नका. फूटभर वाहतं पाणी गाडीची पकड सोडवू शकतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं. इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घ्याच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ आलं की शेतावरचा फेरा पुढे ढकला.

म्हणजे माझं मत : व्होल्वो घ्या, आणि तिच्या उंचीला हात लावू नका. तुमचा साळवणचा फेरा नसता, शेत हायवेला लागून असतं, तर मी मर्सिडीज म्हणालो असतो आणि तुमच्या डोळ्यांना जी आवडलीय तीच घेतल्याचा आनंद मलाही झाला असता. व्होल्वो २०१७ च्या जुलैत साधारण ६० लाखांना आली, मर्सिडीज २०१८ च्या सप्टेंबरात ७५ लाखांना. आज दोन्ही त्याच्या कितीतरी खाली मिळतात, पण दुरुस्तीचे भाव मूळ किमतीच्या गाडीचेच राहतात, हे विसरू नका. दोन्ही गाड्या आपल्याकडे मोजक्याच विकल्या गेल्या. तरी घाबरायचं कारण नाही : मर्सिडीजचे बरेच यांत्रिक भाग ई-क्लास सेडानचे आहेत आणि व्होल्वोचे एस९०, एक्ससी६०शी मिळतेजुळते आहेत. अडचण येते ती मागच्या काचा, मागचे दिवे, डिकीचं दार आणि चाकांभोवतीचं प्लास्टिक यांची. तेव्हा हे भाग शाबूत आहेत का ते आधी बघा, इंजिनचा आवाज नंतर ऐका.

मर्सिडीजच्या मोहातून सुटता येत नसेल तर निदान एक करा. मालकाला सांगून गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वर कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर एअर सस्पेन्शन गळतंय, आणि ते काम स्वस्तातलं नसतं. व्होल्वोचंही हेच माप घ्या, डावी-उजवी बाजू जुळते का बघा. आधीच्या मालकाने गुपचूप स्प्रिंग बदलल्या असतील तर इथंच कळेल.

आणि शेवटचं, वर कबूल केलेलं ते माप. टेस्ट ड्राइव्ह विकणाऱ्याबरोबर ताराबाई पार्कात एक चक्कर मारून संपवू नका. आधी एक दिवस मुलाला घेऊन पाणंदीत जा आणि वरंबा चाकोरीच्या तळापासून किती उंच आहे ते चार-पाच ठिकाणी मोजा. सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. मग आई-वडील, वहिनी, मुलगा, डिकीत कुत्रा असं सगळं बिऱ्हाड गाडीत बसवा आणि मुलाला टेप घेऊन गाडीखाली वाकायला सांगा. बुडाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती, हे त्यालाच मोजू दे आणि त्यालाच वहीतल्या आकड्याशेजारी लिहू दे.